टीबी म्हणून आलेली गाठ: नाशिकमधला एक प्रकरण अभ्यास

मार्च 2024च्या पहिल्या आठवड्यात ती आली, तेव्हा जिल्ह्यात द्राक्षाचा माल निघायचे दिवस होते. या दिवसांत निफाड-पिंपळगावकडच्या बायका स्वतःच्या दुखण्यासाठी शहरात येत नाहीत. ही मात्र सासू आणि नवरा दोघांना घेऊन, सकाळच्या पहिल्या एसटीने नाशिकच्या निमाणी स्थानकावर उतरून माझ्या दवाखान्यात बसली होती. हे दुखणं घराला किती जड झालंय, ते तिथेच कळलं.

वय 32. दोन मुलं, धाकटा तीन वर्षांचा, त्याचं अंगावरचं पिणं सुटून दीडेक वर्ष झालेलं. तंबाखू, मिश्री काही नाही. घरात कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग नाही, कुणाला टीबी झालेला नाही. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला तिची परवानगी घेतली आहे.)

सांगायला सुरुवात सासूबाईंनीच केली. "मॅडम, थानाला गाठ झाली हिच्या. आधी गळू म्हणले, मग टीबी म्हणले, आता शेजारची म्हणती कॅन्सर असंल." ती स्वतः खाली बघत होती. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, आणि तिच्यात चार महिन्यांचे कागद.

त्या पिशवीतून उलगडलेली हकीकत अशी. 2023च्या दिवाळीनंतर उजव्या बाजूला दुखायला लागलं. आठ-दहा दिवसांत लिंबाएवढी टणक गाठ हाताला लागली. दाखवायला जायचं ठरलं, तेवढ्यात 26 नोव्हेंबरला गारपीट झाली. निफाड तालुक्यातल्या बागा त्या अवकाळीने झोडपल्या, त्यात यांची दोन एकरही होती. पुढचे पंधरा दिवस घरात गाठीकडे कोण बघणार? डिसेंबरच्या मध्यावर कातडी लाल झाली, ठणका असह्य झाला, तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात गळू म्हणून चिरा दिला गेला. पू थोडाच आला. जखम भरली नाही. जानेवारीत दुसरा चिरा. तीही जखम वाहत राहिली. मग सुईने पाणी काढून तपासलं, रिपोर्टात 'ग्रॅन्युलोमा दिसतात' असं आलं. टीबीसाठी हातावर टोचून करतात ती मॅन्टू चाचणी 14 मिलिमीटर उठली. या दोन गोष्टींवर टीबीचं औषध सुरू झालं. माझ्याकडे आली तेव्हा त्या गोळ्यांना सहा आठवडे झाले होते. लघवी नारिंगी व्हायची, मळमळ थांबत नव्हती, आणि गाठ कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती.

आधीच्या डॉक्टरांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. लाल, तापलेली, पू असलेली छाती समोर आली की गळू वाटणं साहजिक आहे. आपल्या देशात ग्रॅन्युलोमा म्हटलं की टीबी आठवणंही साहजिक आहे. स्तनाचा टीबी हा काही नवलाचा आजार नाही. अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यवैद्याने 1829मध्येच त्याची नोंद केली होती, आणि आपल्याकडे तो आजही दिसतो. पण ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी एखाद्या गोष्टीभोवती धरलेला घट्ट घोळका, एवढंच. आत शत्रू कोण आहे, हे घोळका सांगत नाही. मॅन्टूचंही तसंच. बीसीजी टोचलेल्या आणि टीबीच्या जंतूंशी कधी ना कधी गाठ पडलेल्या माणसाचा हात उठणारच. 14 मिलिमीटरवरून छातीतल्या गाठीचं निदान होत नाही.

तपासताना काय दिसलं

उजव्या स्तनाच्या वरच्या-बाहेरच्या भागात 7 बाय 6 सेंटिमीटरची गाठ. दगडासारखी, कडा अस्पष्ट, दाबल्यावर दुखणारी. कातडी जांभळट-लाल आणि संत्र्याच्या सालीसारखी जाड. चिऱ्यांचे दोन व्रण, त्यातल्या एकातून पिवळसर पाणी झिरपत होतं. बोंडशी आत ओढली गेलेली. काखेत दीड सेंटिमीटरची एक हलणारी गाठ. नुसता हात लावून सांगायचं तर कुठल्याही शल्यचिकित्सकाच्या मनात कर्करोग पहिल्यांदा येईल. माझ्याही आला.

पण दोन गोष्टी त्या चित्रात बसत नव्हत्या, आणि दोन्ही योगायोगाने हाती लागल्या.

पलंगावरून उतरताना तिची नडगी पायरीच्या लोखंडी कडेला जेमतेम टेकली आणि ती कळवळली. एवढ्याशा धक्क्याने? साडी वर करायला सांगितली. दोन्ही नडग्यांवर सुपारीएवढ्या लाल, गरम, दुखऱ्या गाठी होत्या. तिने आपणहून सांगितलंच नव्हतं. "बागेत काहीतरी चावलं असंल म्हणून मी लक्ष नाही दिलं," म्हणाली. घोटेही महिनाभर आखडत होते. याला एरिथिमा नोडोसम म्हणतात. कातडीखालच्या चरबीला येणारी ही सूज बऱ्याचदा शरीरात दुसरीकडे पेटलेल्या दाहाची खूण असते. ती टीबीतही दिसते, म्हणून एकट्या तिच्यावरून निकाल लागत नाही. पण स्तनाच्या कर्करोगात ती सहसा नसते.

दुसरी गोष्ट डाव्या बाजूची. डावा स्तन तपासताना बोंडशीतून दुधासारखा पांढरा थेंब आला. मूल दूध सोडून दीड वर्ष झालेलं. विचारल्यावर हळू आवाजात म्हणाली, "येतं कधीकधी. पाळीपण वरखाली होती वर्षभर." आता पिशवी पुन्हा उपडी केली. मी माझ्या रुग्णांना नेहमी सांगते की गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा फेकू नका, घेऊन या. तळाशी पित्ताच्या कॅप्सूलचं पाकीट सापडलं. दीड वर्षापूर्वी कुणीतरी लिहून दिलेली, त्यानंतर मेडिकलमधून थेट आणून रोज घेतलेली. मागच्या बारीक अक्षरांत दोन औषधं होती: राबेप्रॅझोल आणि लेव्होसल्पिराइड.

लेव्होसल्पिराइड पोट हलकं करण्यासाठी दिलं जातं. ते मेंदूतल्या डोपामिनचा मार्ग अडवतं, आणि डोपामिनचा लगाम सुटला की प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, वाढतं. डॉमपेरिडोनचंही तसंच. काही मानसिक आजारांवरच्या औषधांचंही. अ‍ॅसिडिटीच्या नावाखाली अशा जोडगोळ्या आपल्याकडे चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं घेतल्या जातात, आणि 'कुठली औषधं चालू आहेत' असं विचारलं तर बाया 'काही नाही' म्हणतात. पित्ताची गोळी त्यांच्या लेखी औषधच नसतं. तिचं प्रोलॅक्टिन 96 आलं. गर्भवती नसलेल्या बाईत ते साधारण 25च्या आत असायला हवं. गरोदरपणाची चाचणी नकारार्थी, थायरॉइड व्यवस्थित.

त्या दिवशीच मनात एक नाव आलं: ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. केसलर आणि वोलोक यांनी 1972मध्ये वर्णन केलेला, दूध तयार करणाऱ्या कप्प्यांना धरून बसणारा हा दाह. कर्करोग नाही, संसर्गजन्यही नाही. बहुतेक वेळा मूल झालेल्या तरुण बाईत, शेवटच्या बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत येतो. दिसतो कर्करोगासारखा, वागतो गळवासारखा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचा भास देतो. पण मनात नाव येणं म्हणजे निदान नव्हे. याच गाठीला आधी तीन नावं अशीच मिळाली होती.

तुकडा कसा घेतला

स्तनाच्या कुठल्याही गाठीला तिहेरी तपासणी लागते: हाताने, चित्राने आणि सुईने. तिन्हींचं म्हणणं जुळलं तरच पुढे जायचं. रोजच्या कामात हे बहुतेक वेळा सोपं असतं. विशीतली मुलगी, बोटाखालून निसटणारी गुळगुळीत गाठ, सोनोग्राफीत नीट कडा, सुईच्या रिपोर्टात फायब्रोअ‍ॅडेनोमा, म्हणजे कर्करोग नसलेली साधी गाठ, की अर्ध्या भीतीचं ओझं तिथेच उतरतं. गाठ लहान असेल तर काढायचीही गरज नसते. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंनी जड होऊन दुखणाऱ्या छातीला तर बहुतेकदा नीट तपासणी, मापाची घट्ट ब्रा आणि धीर एवढंच लागतं. हे प्रकरण त्यातलं नव्हतं.

सोनोग्राफीत वेड्यावाकड्या कडांचा काळसर भाग दिसला, त्यातून बोटांसारखे फाटे आजूबाजूला शिरलेले, मध्ये पुवाचे दोन-तीन कप्पे. मॅमोग्राफीत छाती दाबावी लागते, आणि तिला ते सोसणार नव्हतं. पण कर्करोगाची शंका असताना ती टाळताही येत नव्हती. वेदनाशामक देऊन, थांबत थांबत केली. दाट सावलीपलीकडे काही कळलं नाही. शेरा आला: बायरॅड्स 4. नवऱ्याने तो आकडा वाचून मला विचारलं, "चौथी स्टेज का?" हा गोंधळ मी वारंवार बघते. बायरॅड्स 4 म्हणजे शंका आहे, तुकडा तपासा. त्या शेऱ्यात कर्करोग निघण्याची शक्यता 2 टक्क्यांपासून 95 टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते. स्टेजशी त्याचा संबंध नाही. मी त्यांच्याच कागदाच्या मागे हे लिहून दिलं.

मग सुई. आधीच्या दवाखान्यात बारीक सुईने फक्त पेशी ओढल्या होत्या. त्यात पेशी विस्कटलेल्या मिळतात, त्यांच्या घराची, म्हणजे ऊतकाची, रचना दिसत नाही. इथे रचनाच बघायची होती: दाह दुधाच्या कप्प्यांना धरून आहे की कुठेही पसरलाय. 14 गेजची, साधारण 2 मिलिमीटर जाडीची सुई, सोनोग्राफीत बघत, वाहत्या छिद्रापासून दूर चांगल्या कातडीतून घातली. सहा तुकडे निघाले.

इथे एक तपशील नीट सांगते, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. चार तुकडे फॉर्मॅलिनमध्ये गेले. दोन तुकडे आणि कप्प्यातला पू निर्जंतुक सलाइनच्या बाटलीत. फॉर्मॅलिनमध्ये ऊतक टिकतं, पण जंतू मरतात. त्या बाटलीतल्या तुकड्याचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, कधीच होऊ शकत नाही. सगळा ऐवज एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला की टीबी आहे का, या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर मिळवण्याची वाट बंद होते. पुन्हा सुई टोचण्याखेरीज मार्ग राहत नाही. शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टरांना मी बाटल्यांवर आधीच चिकटपट्टी लावून ठेवायला सांगते, एकीवर 'पॅथॉलॉजी', दुसरीवर 'जंतू'. सलाइनची बाटली त्याच तासाला प्रयोगशाळेत पोचवली. टीबीसाठी सीबीनाट ही जनुकीय चाचणी आणि द्रव माध्यमातलं कल्चर, बुरशीचं कल्चर, आणि साधं जंतूंचं कल्चर सांगितलं. साध्या कल्चरबाबत फोन करून विनंती केली की 48 तासांत थाळी फेकू नका, निदान पाच-सहा दिवस ठेवा.

रिपोर्ट

आठव्या दिवशी पॅथॉलॉजिस्टचा फोन आला, कागद नंतर. कर्करोगाची एकही पेशी नव्हती. ग्रॅन्युलोमा होते, पण दुधाच्या कप्प्यांना धरून. टीबीत दिसते तशी चीजसारखी मृत ऊतकं नव्हती. उलट न्यूट्रोफिल पेशींचे बारीक पुंजके, म्हणजे सूक्ष्म गळवं, आणि त्यांच्या मधोमध रिकाम्या गोल पोकळ्या. त्या पोकळ्यांत काही ग्राम-पॉझिटिव्ह काड्या, म्हणजे काडीच्या आकाराचे जंतू, दिसल्या. टीबीचे जंतू दाखवणाऱ्या रंगाची तपासणी नकारार्थी, बुरशीची नकारार्थी, सीबीनाट नकारार्थी. साध्या थाळीवर पाचव्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उगवले, कॉरिनेबॅक्टेरियम कुळातले.

हे कूळ कातडीवरही राहतं, म्हणून बऱ्याचदा प्रयोगशाळा 'भेसळ' म्हणून सोडून देते. पण त्यातली कॉरिनेबॅक्टेरियम क्रोपेनस्टेटी ही जात चरबीवर जगते, स्निग्ध माध्यमाशिवाय नीट वाढत नाही, आणि ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसच्या अशाच पोकळ्यांच्या प्रकारात ती पुन्हापुन्हा सापडली आहे. ती आजाराचं मूळ की मागून आलेली पाहुणी, यावर एकमत नाही. माझ्या रुग्णापुरतं मी ती सोबतीण धरली आणि तिच्यावर औषध दिलं.

आता अवघड भाग. सहा आठवडे टीबीच्या गोळ्या घेतलेल्या बाईत सीबीनाट नकारार्थी आलं, तर ते टीबी नव्हता म्हणून की गोळ्यांनी जंतू मारले म्हणून? शिवाय ऊतकातल्या सीबीनाटने टीबी पूर्ण नाकारता येत नाही. एकेक बाजू तोलली. सीबीनाट जंतूचा जनुकीय अंश शोधतं, तो जंतू मेल्यावरही काही आठवडे सापडू शकतो. छातीचा एक्स-रे स्वच्छ. औषध चालू असताना गाठ वाढलेली. रचना दुधाच्या कप्प्यांभोवतीची. सोबत वाढलेलं प्रोलॅक्टिन आणि त्यामागचं उघड कारण. छातीरोगतज्ज्ञ आणि जिल्ह्याच्या क्षयरोग विभागाशी बोलून टीबीचं औषध थांबवायचं ठरलं. टीबीच्या रुग्णाची सरकारकडे नोंद करणं 2012पासून बंधनकारक आहे. ती झालेली होती, तिथे निदान बदलल्याचं कळवलं.

यात एक फसवणारी गोष्ट आहे. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन कॉरिनेबॅक्टेरियमवरही चालतं. त्यात हा आजार कित्येकदा काही महिन्यांत, कधी वर्ष-दीड वर्षात, आपोआप ओसरतो. त्यामुळे टीबीचं औषध दिल्यावर काही बाया बऱ्या होतात आणि सगळ्यांची खात्री पटते की टीबीच होता. गुण आला म्हणून निदान खरं ठरत नाही. माझ्या रुग्णाला गुण आला नाही, म्हणून ती माझ्यापर्यंत पोचली.

औषध थांबवायचं सांगितलं त्या दिवशीची गोष्ट विसरता येत नाही. नवरा खर्चाचं विचारत होता. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग पोरगं आता तिच्यापाशी निजवलं तर चालंल का, मॅडम?"

तेव्हा कळलं की सहा आठवडे घरात तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि तीन वर्षांचा मुलगा आजीच्या खोलीत. टीबी खरा असता तरी हे लागलं नसतं. तो पसरतो मुख्यतः फुप्फुसातून, खोकल्यावाटे. ताटा-वाटीतून नाही. निदान लिहिताना या बाजूचा विचार आपण डॉक्टर किती करतो? मी सासूबाईंना म्हटलं, "आजी, आजच निजवा." सुनेने पहिल्यांदा मान वर केली. तिला एका कागदावर मराठीत लिहून हवं होतं. मी लिहिलं: 'हा दाह आहे. कर्करोग नाही. टीबी नाही. कुणाला लागत नाही.' खाली सही, शिक्का.

उपचार

पित्ताची कॅप्सूल त्या पहिल्याच दिवशी बंद केली होती. महिन्याने प्रोलॅक्टिन 14वर आलं, डाव्या बाजूचं दूध थांबलं, पाळी वेळेवर आली. औषधाचं कारण इतकं स्पष्ट असल्याने, प्रोलॅक्टिन वाढवणारी गाठ मेंदूत आहे का हे बघायला डोक्याचा एमआरआय केला नाही. आकडा उतरला नसता तर केला असता.

डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा आठवडे. चरबीत नीट शिरणारं प्रतिजैविक हवं होतं, म्हणून हे. पुवाचे कप्पे दर आठवड्याला सोनोग्राफीत बघून सुईने रिकामे केले. चिरा एकदाही दिला नाही.

मी शल्यचिकित्सक आहे. एवढी मोठी, वाहणारी गाठ समोर असताना ती कापून मोकळं व्हावं, असं हाताला वाटतंच. नवऱ्यानेही विचारलं, "काढूनच का टाकत नाही?" 7 सेंटिमीटरची गाठ काढायची तर तिचा अर्धा स्तन गेला असता. आणि पेटलेल्या ऊतकातली जखम भरत नाही, पुन्हा वाहते, याचे दोन व्रण तिच्या अंगावर होतेच. या आजारात शस्त्रक्रिया औषधाने न हटणाऱ्या, आटोक्यात आलेल्या थोड्या भागासाठी राखून ठेवावी, असं माझं मत आहे.

स्टिरॉइड लगेच सुरू केलं नाही. टीबीचं कल्चर 42 दिवस ठेवतात, आणि ते पूर्ण होईपर्यंत थांबायचं ठरवलं. काही तज्ज्ञ थांबले नसते. पण आत टीबी दडलेला असेल आणि आपण स्टिरॉइड दिलं, तर आगीत तेल. डॉक्सिसायक्लिन, वेदनाशामक आणि सुईने पू काढणं यावर ती तग धरत होती, म्हणून थांबणं परवडलं. थांबण्याने आणखी एक साधलं. रिफाम्पिसिनमुळे यकृत स्टिरॉइडचा लवकर निचरा करतं, तो परिणाम तोवर ओसरला.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कल्चर कोरं आलं. साखर, हिपॅटायटिस बी, रक्तदाब बघून प्रेडनिसोलोन 30 मिलिग्रॅम सुरू केलं. वजन 54 किलो, म्हणजे किलोला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. दहा दिवसांत नडगीच्या गाठी विझल्या. महिनाभरात छातीची गाठ 4 बाय 3वर आली, वाहणारं छिद्र मिटलं. ती मोटारसायकलवर मागे बसून आली त्या दिवशी मला खरा फरक कळला. मार्चमध्ये खड्डा आला की तिला एसटीतही छाती हाताने धरून बसावं लागायचं.

मग मी डोस दर दोन आठवड्यांनी 5 मिलिग्रॅमने उतरवत नेला. जुलैच्या मध्यावर, 10 मिलिग्रॅमवर असताना, बोंडशीजवळ नवा लाल कप्पा उठला. ती रडली. मी जरा घाईने उतरवलं असं आज वाटतं. 15 आणि 10वर जास्त वेळ थांबायला हवं होतं. पण स्टिरॉइड उतरवताना आजार पुन्हा डोकं काढतो हेही खरं, आणि मार्चमध्येच मी तिला हे पुरेशा स्पष्टपणे सांगायला हवं होतं.

पू पुन्हा तपासला. कर्करोग नाही, टीबी नाही. प्रेडनिसोलोन 20वर नेऊन जोडीला मेथोट्रेक्सेट दिलं, आठवड्यातून एकदा 10 मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी फॉलिक आम्ल. या औषधाची सगळ्यात मोठी चूक म्हणजे ते रोज घेतलं जाणं. रोज घेतलं तर रक्तपेशी कोसळतात, जीव जाऊ शकतो. म्हणून एका वेळी चारच आठवड्यांच्या गोळ्या लिहायच्या, आणि वार ठरवायचा. तिने भिंतीवरचं कॅलेंडर सोबत आणलं होतं. आम्ही मिळून प्रत्येक रविवारभोवती लाल गोल काढला. गोळी घेतली की तिच्या मोठ्या मुलीने त्यावर फुली मारायची. या औषधाने गर्भाला गंभीर इजा होते, म्हणून आधी नवरा-बायको दोघांशी बोलून तांबी बसवली. दर महिन्याला रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या, त्या पिंपळगावलाच करून फोटो पाठवायचा. छाटणीच्या दिवसांत त्या एका सोयीमुळे तपासणी चुकली नाही.

ऑक्टोबर छाटणी आटोपली तेव्हा स्टिरॉइड बंद झालं होतं. गाठ 2 सेंटिमीटरवर होती. फेब्रुवारी 2025मध्ये हाताला काही लागेना. सोनोग्राफीत व्रणाखाली थोडी जाडी, बाकी स्वच्छ. मार्चअखेर मेथोट्रेक्सेट थांबवलं.

त्यांच्या घरातल्या एका प्रश्नाबद्दल लिहायला हवं, कारण द्राक्षपट्ट्यातून येणारी प्रत्येक बाई तो विचारते: फवारणीमुळे झालं का? या आजाराचा आणि फवारणीच्या औषधांचा संबंध सिद्ध झालेला नाही. म्हणून फवारणीला हात न झाकता जावं असा त्याचा अर्थ नाही, पण तिने स्वतःला दोष द्यायचं कारणही नाही. तिच्याबाबतीत सापडलेलं एकमेव ठोस कारण त्या पिशवीच्या तळाशी होतं. गावी गेल्यावर तिने आणखी दोघींची पित्ताची पाकिटं फोटो काढून मला पाठवली. एकीत लेव्होसल्पिराइड होतं, तिला प्रोलॅक्टिन तपासायला बोलावलं.

शेवटची भेट सप्टेंबर 2025मधली. उजवी बोंडशी थोडी आत राहिली आहे, व्रणापाशी एक खळगा आहे. ते राहतील, असं सांगितलं. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायचं, आणि मधे लाली किंवा ठणका आला तर चिरा द्यायच्या आधी मला फोन करायचा, एवढं ठरलं. निघताना तिने पिशवीतून तो मराठीत लिहिलेला कागद काढला. घडीवर फाटायला आला होता. "दुसरा लिहून द्या, मॅडम," म्हणाली, "हा सगळ्यांना दाखवून दाखवून असा झालाय." मी नवा लिहून दिला, सही-शिक्क्यासकट.